बरक्यातलं एकोणीस जणांचं प्रजासत्ताक

अख्ख्या ओमानात नाउरूच्या राष्ट्राध्यक्षपदाची काळजी वाहणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. मूळचे वसईचे, इथे बरक्याच्या एका हॉटेलात लाँड्रीचे इन्चार्ज. कधीतरी तिथे नाउरूचा एक पाहुणा उतरला आणि शर्टाला इस्त्री होईपर्यंत गप्पा मारत बसला. शर्ट गेला, पाहुणा गेला, नाउरू मात्र अंकलच्या डोक्यात कायमचा मुक्कामाला राहिला. माझ्या टायरच्या दुकानात कुणी पंक्चर काढायला थांबलं, की अंकल त्याला गाठायचेच. "प्रशांत महासागरात एवढंसं बेट. गाडीने अर्ध्या तासात देश संपतो! संसदेत माणसं एकोणीस. त्यांच्यातलाच एक राष्ट्राध्यक्ष, सरकार चालवणाराही तोच. बहुमत गेलं की गडी घरी. आणि पडून पडून एकच माणूस कितीदा परत निवडून आलाय, माहितेय?" गिऱ्हाईक बिचारं टायरकडे बघत मान डोलवायचं.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अर्थातच अंकल. मंडळात मतं एकोणीसच, घरटी एक. निझव्याहून एक शिक्षिकाबाई बदलून आल्या, तर "सध्या संसद भरलीय" म्हणून अंकलनी त्यांना सहा महिने ताटकळत ठेवलं; एक कुटुंब भारतात परतलं तेव्हा कुठे त्यांचा नंबर लागला. गणपती असो, ईद असो, नाताळ असो, अंकलचं भाषण एकच: नाउरूच्या अध्यक्षपदाचा इतिहास, स्वातंत्र्यापासून आजपर्यंत. आतून आंटी ओरडायच्या, "अहो, तुमचा अध्यक्ष पडला की सांगा, वडे तळायला घेते!"

मग अंकलची नोकरी संपली. व्हिसाचे पंधरा दिवस उरले. सामान बांधलं, पण अध्यक्षपद काही सुटेना. "वसईहून व्हिडिओवर कारभार बघेन," त्यांनी जाहीर करून टाकलं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तीस वर्षं हॉटेलात त्यांना सगळे 'ए लाँड्री' म्हणूनच हाक मारत आले. अध्यक्षसाहेब म्हणणारे आम्हीच काय ते.

शुक्रवारी दुपारी, नमाज आटोपून मी पोचलो तर अंकलच्या हॉलमध्ये शिक्षिकाबाई उभ्या. "अविश्वासाचा ठराव मांडते. अध्यक्ष गावात हवा. बहुमत गेलं की गडी घरी, हे अंकलनीच शिकवलंय." अंकलचा चेहरा पडला, पण ठराव त्यांनी स्वतःच वाचून दाखवला. हात मोजले. ठरावाच्या बाजूने नऊ, विरोधात अंकलच्या स्वतःच्या हातासकट नऊ. उरलो मी.

माझी बायको बाळंत झाली तेव्हा याच माणसाने महिनाभर दोन्ही वेळचा डबा पोचवला होता. अंकल माझ्याकडे बघतच नव्हते, पंख्याकडे बघत होते. वसईहून व्हिडिओवर मंडळ चालणार नाही हे मला कळत होतं, आणि त्यांनाही. अल्लाचं नाव घेतलं आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला.

अंकल उठले. "खलास! एका मताने, रीतसर पडलो!" म्हणाले खरे, पण आवाज चिरकला. डोळे पुसून त्यांनी माझी मानगूट धरली. "मेल्या, पाडलंस ना मला? आता तूच बस इथे. आपल्या माणसाविरुद्ध हात वर करणाराच अध्यक्ष शोभतो." कुणाची हरकत नव्हती.

व्हिसा संपायच्या आदल्या दिवशी मीच त्यांना विमानतळावर सोडलं. आता अध्यक्ष मी. दर बैठकीत विचारतो, "माझ्यावर कुणाचा अविश्वास?" लोक चहाचे कप घेऊन निवांत बसलेले असतात, शिक्षिकाबाईसुद्धा. माझी भाषणं लांबतात, हिशेब चुकतो, गेल्या वेळी हॉलचं बुकिंगच विसरलो. तरी एक हात वर येत नाही. अंकलची तेव्हा फार आठवण येते. ते असते, तर एव्हाना त्यांनी मला दोनदा तरी पाडलं असतं.