दोनाला तीन झटके

दादा कुठेही गेले की आधी दोनदा टकटक करायचे आणि थांबायचे. माझ्या दुकानाच्या पत्र्यावर, चहावाल्याच्या बाकावर, बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीवरसुद्धा. समोरच्यानं उलट तीनदा टकटक केली की त्यांचा चेहरा खुलायचा. "मानूस जागेवर हाये," असं म्हणायचे आणि मगच कामाचं बोलायचे. चौकशीच्या खिडकीतून तीन टकटका कधी आल्या नाहीत, ती गोष्ट सोडा. तिथून नुसतं "काय पाहिजे?" यायचं.

तुम्ही म्हणाल, हा काय चाळा? मीही तेच म्हणालो होतो. मला चाळे आवडत नाहीत. नागपूरला लागून वाडीला, अमरावती रोडवर माझं कॉम्प्रेसर दुरुस्तीचं दुकान. दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडण करून माझं डोकं तसंच तापलेलं असायचं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. हा माणूस हातठेल्यावर एक छोटा, वेगळ्याच घडणीचा कॉम्प्रेसर घालून आला, पत्रा दोनदा वाजवला आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी म्हटलं, "दरवाजा उघडाच आहे, वाजवता कशाला? पंक्चरची हवा भरायची मशीन आहे ना ही?"

"हे पंक्चरचं नाही गा मिस्त्री," ते म्हणाले. "हे मानसाचं हाये. यानं मानूस हवा घेते."

आता बोला! नागपुरात समुद्र नाही, नदीला उन्हाळ्यात घोटाभर पाणी, आणि इथे हा पाणबुड्या. ते मूळचे इथल्याच कुही गावाकडचे. नौदलात राहून आले होते, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं तिथेच शिकले. परत आल्यावर गोदामांच्या मागे भाड्याची खोली घेतली आणि धरणांच्या दारांची कामं धरली. दार अडकलं, जाळीत ओंडका बसला, की पाटबंधारे खात्याचा माणूस त्यांना शोधत यायचा. कधी पोलीसही यायचे, विहिरीवर नाही तर तलावावर न्यायला. त्या कामांबद्दल ते घरी आल्यावर एक अक्षर बोलत नसत.

मी मशीन खोलली, रिंगा बदलल्या, चालू करून दिली. दादांनी निघणाऱ्या हवेसमोर नाक धरलं, मग चक्क जीभ बाहेर काढली. म्हणाले, "मिस्त्री, यात डिझेल हाये."

माझं टाळकं सरकलं. माझ्या हातचं काम आणि तेल गळतं? मी मशीन पुन्हा खोलून दाखवली. तेलाचा थेंब नव्हता. दादा हसले आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. रांगेनं ट्रक उभे होते, सगळ्यांची इंजिनं सुरू. "मशीन बरोबर हाये गा. वाडीची हवाच तशी हाये. वर हा धूर थोडासा लागते, खाली गेलं का तोच धूर पटीनं लागते. मानूस तिथंच आडवा होते."

मग आम्ही ती मशीन टेम्पोत टाकून कुहीला नेली, त्यांच्या भावाच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. भाऊ चिखलातून पाय काढत आला आणि आमच्याकडे बघतच राहिला. "हवा भराले वाडीवरून इथं आले? काहून, वाडीत हवा सरली का?" दादांनी मनावर घेतलं नाही. वारा कुठून येतो ते पाहिलं, मशीनचं तोंड धानाकडे केलं आणि टाक्या भरल्या. तेव्हापासून प्रत्येक कामाआधी आमची कुहीची फेरी ठरलेली. टाकी पाठीवर घेताना ते म्हणायचे, "चला, गावची हवा घेऊन जातो." मला ते फार आवडायचं.

पण मला एक कोडं होतं. इतकी पारखून हवा घेतल्यावर मग पाण्याखाली भीती कशाची? मी विचारलं. दादांनी दोनदा बाक वाजवला. एव्हाना मी शिकलो होतो, तीनदा वाजवला.

"खरी भानगड पुढंच हाये," ते म्हणाले. "साफ हवाच खाली जाऊन दारू होते."

मला वाटलं थट्टा करतात. पण नाही. विहिरीत, तलावात काही होत नाही. शंभर फुटांच्या खाली डोकं जरा सैल होतं. दीडशेच्या खाली माणूस चक्क टाइट. आणि हे सांगणाऱ्या माणसानं नौदलातली फुकटची रमसुद्धा कधी तोंडाला लावली नव्हती. "दारुड्याले तरी माहीत असते का आपुन पिलो. इथं तेही समजत नाही. वाटते, आपल्याएवढं हुशार कोनी नाही. अन आनखी खाली गेलं का त्याच हवेचा झटका येते, फेफऱ्यावानी. तोंडातली नळी सुटली का खेळ खलास."

"मग भसकन वर यायचं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं, गोळी सोड्याची बाटली मागवली आणि अंगठ्यानं गोळी दाबली. फस्स करून सगळा सोडा माझ्या पायजम्यावर. "तुह्या रगतात असं होईन," म्हणाले. "थांबत थांबत या लागते."

म्हणून तो दोर. कमरेला दोर बांधून ते खाली जायचे आणि वरचा माणूस अधूनमधून झटके द्यायचा. दोन दिले तर खालून तीन यायला हवेत. तीन दिले तर चार. नेहमी एक जास्त. एवढा साधा हिशेब चुकला की समजायचं, माणूस जागेवर नाही. मग ओढायचं. खालून एक लांब, सावकाश ओढ आली तर तिचा अर्थ ‘मी मजेत’. पण ती फक्त बरोबर उत्तरानंतर खरी धरायची. हिशेब चुकवून कुणी ‘मी मजेत’ म्हटलं, तर आणखी लवकर ओढायचं.

दोर धरायला त्यांनी मलाच का निवडलं, हे ऐका. आधी त्यांचा मेहुणा धरायचा. भला माणूस, म्हणून काढून टाकला. "त्याले दया येते," दादा म्हणाले. "मी खालून मजेत हावो म्हटलं का तो थांबते. तू भांडकुदळ हायेस, कोनाचं आयकत नाही. मले तूच पायजे." माझ्या स्वभावाचं एवढं कौतुक माझ्या आईनंही केलं नाही.

वहिनींनी आपल्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून दोराला फूट मोजून ठिकठिकाणी बांधल्या होत्या. वर ओढताना चिंधी हातात आली की थांबायचं, सोडा शांत होऊ द्यायचा, मग पुढे. मी दोर घ्यायला गेलो की त्या चहा द्यायच्या आणि दरवेळी तेच म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या हाती हाये म्हनून मी घरी बसू शकतो."

आता त्या धरणाचं सांगतो. उत्तरेकडच्या जंगलातलं, नवीन. तळाचं दार ओंडक्यानं अडकलं होतं आणि खात्याच्या साहेबांना घाई होती. दार दीडशेच्या बरंच खाली. दादा एवढं खोल आधी गेले नव्हते. ड्रमांच्या तराफ्यावर मी दोर धरून बसलो, शेजारी साहेब छत्री घेऊन. दादांनी कमरेची गाठ मला दाखवली, दोन वेढ्यांची, पक्की. "मी शिव्या देईन, शपथ घालीन, हिशेब चुकला का ओढ." आणि गेले.

शंभरला दोन दिले, तीन आले. दीडशेला तीन दिले, चार आले, जरा रेंगाळत. मग दोर खाली सरकत गेला आणि थांबला. मी दोन दिले. काहीच नाही. पुन्हा दोन दिले. खालून दोनच आले. आणि लगेच ती लांब, सावकाश ओढ. मी मजेत. पुन्हा तीच. पुन्हा.

इतक्या लाडानं कुणी दोर ओढलेला मी पाहिला नव्हता. मी उठून ओढायला लागलो. साहेब ओरडले, "अरे, तो ठीक आहे म्हणतो आहे ना! काम होत आलं असेल!" मी म्हटलं, "तोंड बंद करा साहेब." साहेबाला असं बोलायला मला कधीच जड गेलं नाही, त्या दिवशी तर नाहीच. खालून दोर उलट ओढला जात होता. दादा यायला तयार नव्हते. मी पाय रोवले आणि ओढत राहिलो. एकदम ताण सैल झाला. शंभरच्या अलीकडे आल्यावर मी दोन दिले, तर पटकन तीन आले. मग प्रत्येक चिंधीला थांबत, हात सोलून निघाले तरी थांबत, वर आणलं.

तराफ्यावर येताच नळी काढून ते भडकले. "काहून ओढलं बे बह्याडा? मी काम करून राहिलो होतो!"

मी त्यांच्या कमरेकडे बोट दाखवलं. गाठीचा एक वेढा सुटलेला होता. दुसरा अर्धा. बोटांनी नीट, सावकाश सोडवल्यासारखा.

दादा त्या गाठीकडे पाहत राहिले. गाठ आपोआप सुटणारी नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी हळूच म्हणाले, "मीच सोडत होतो गा. अन मले आठवत नाही." मी त्यांना टॉवेल दिला. साहेबांना त्यांनी तिथेच सांगितलं, टाकीतल्या हवेवर इतक्या खाली माणूस पाठवू नका, पाणी उतरू द्या. साहेब कुरकुरले, पण उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर त्याच दादांनी तो ओंडका काढून दिला.

परतताना जीपमध्ये मला राहवलं नाही. विचारलं, "पण वाटत काय होतं, दादा?"

बाहेर बघतच ते म्हणाले, "कोनी तरी लय चांगली बातमी सांगतली, असं वाटलं. बातमी कोनती, ते इसरलो. खुशी तेवढी राहून गेली."

घरी पोहोचल्यावर वहिनींना त्यांनीच सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं, हातातली कपबशी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, हा दोर आखूड करा. आत्ताच." मी दुकानातून करवत आणली आणि त्यांच्या दारातच शंभर फुटांच्या चिंधीपाशी दोर कापला. दादा उंबऱ्यावर बसून पाहत होते. "चांगला दोर होता गा," एवढंच म्हणाले.

पण त्या बातमीनं त्यांना सोडलं नाही. विहिरी, तलाव, लहान धरणं अशी कामं चालू होती, आणि वर्षातून एकदा तरी दुकानात येऊन, दोनदा टकटक करून, माझी तीन ऐकून ते म्हणायचे, "मिस्त्री, एकदा जाऊ का? काम नाही. नुसती बातमी आयकून येतो." मी पाना आपटायचो आणि नाही म्हणायचो. खरं सांगू? मलाही ती बातमी ऐकायची होती. माणूस स्वतःची गाठ सोडतो असं खाली आहे तरी काय, या विचारानं मी कित्येकदा चालू काम विसरलो आहे. खोलीत त्यांच्याकडे बुद्धाची एक लहान मूर्ती होती, मिटल्या डोळ्यांची. तिच्याकडे पाहून ते म्हणायचे, "यायले खाली जा नाही लागलं. इथंच बसून आयकली." वहिनी म्हणायच्या, "मंग तुमीबी इथंच बसा."

अखेर ते आजारी पडले. छातीत पाणी झालं. दवाखान्यात मला पाहून हसले, "पाय गा, मी जात नाही म्हनून पानीच भेटाले आलं." नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. तिच्याकडे डोळे करून म्हणाले, "हे कुहीचं नाही." मी त्यांचा हात धरला आणि दोनदा दाबला. त्यांनी तीनदा दाबला. मी वहिनींना म्हटलं, जागेवर आहेत. वहिनी पदर डोळ्यांना लावून हसल्या.

नंतरच्या एका दुपारी गेलो, तेव्हा ते बोलत नव्हते. वॉर्डात कूलर घरघरत होता. वहिनी उशाशी बसल्या होत्या. मी हात धरून दोनदा दाबला. काही नाही. पुन्हा दोनदा दाबला. त्यांची बोटं हलली: एकदा, दोनदा. आणि थांबली. मग त्यांनी माझा हात हळूहळू स्वतःकडे ओढला. लांब, सावकाश. पुन्हा एकदा तसाच. चेहऱ्यावर असं काही होतं, की कुणी तरी त्यांना कानात काही सांगत असावं.

माझं मला कळलं नाही, मी कधी उठून उभा राहिलो ते. मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून ओढत होतो.

"भाऊ, काय करून राहिले?" वहिनी म्हणाल्या.

"ओढून राहिलो, वहिनी. हिशेब चुकला."

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातांवर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, "सोडा, भाऊ. आयकू द्या त्यायले."