तिकडचं पाणी

घर घ्यायचं ठरलं तेव्हा दोन फ्लॅट मनात होते, एक नारी रोडला आणि एक बेसा रोडला. नारी रोडचा मोठा, हवेशीर, आणि भाव तोच. भर मे महिन्यात मी आणि बायको तो बघायला गेलो. नागपुरात घर बघणारा आधी पाण्याचं विचारतो, तसं मी समोरच्या दारातल्या बाईंना विचारलं.

"नळाले दिवसभर राहते," त्या म्हणाल्या. "गोड आहे एकदम. थांबा, पिऊनच पाहा."

त्या आत गेल्या आणि आमची नजर त्यांच्या दारावर गेली. वर बुद्धाची तसबीर होती, खाली आडनाव. जात मानत नाही असं चारचौघांत ठासून सांगणारे आम्ही दोघं, ते आडनाव वाचून दोन पावलं मागे सरलो. त्या ट्रेमध्ये दोन गार ग्लास घेऊन आल्या.

"नको, आत्ताच प्यालो," मी म्हणालो. घशाला कोरड पडली होती आणि हातातली बाटली रिकामी होती. त्यांनी त्या बाटलीकडे पाहिलं आणि ट्रे आत नेला.

संध्याकाळी बेसा रोडला समोरच्यांकडे आम्ही चहा घेतला. बोअरच्या पाण्याने तो खारट लागत होता, तरी कप रिकामे केले. फ्लॅटही तिथंच घेतला.

आता उन्हाळाभर टँकरमागे बादल्या घेऊन धावतो. परवा गावाहून आलेल्या बाबांनी विचारलं, "तो नारी रोडचा काहून नाही घेतला रे?"

"तिकडचं पाणी चांगलं नव्हतं, बाबा," मी म्हणालो.