तिची खोली, त्याची खोली

लातूरच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. माझी मुलगी नोकरीसाठी फ्रान्सला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून राहिली. जावयाला इंग्रजी येतं, पण त्याच्या आईला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, फ्रेंचशिवाय काही येत नाही. लग्नाच्या चार दिवसांत आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या हसत होतो. परत आल्यावर मी ठरवलं, पन्नाशी उलटली तरी हरकत नाही, फ्रेंच शिकायचं. रविवारी दुपारी मुलगी फोनवर शिकवायची. विहीणबाईही मला छोटे निरोप पाठवू लागल्या. ते फोनच्या भाषांतरावर वाचायचे नाहीत, डिक्शनरी घेऊन आपले आपण लावायचे, असा माझा हट्ट होता.

मुलीला सातवा महिना लागला तेव्हा विहीणबाईंकडून एक फोटो आला. पांढऱ्या भिंती, बाळाचा छोटा पलंग, खिडकीला नवा पडदा. खाली एकच ओळ: सा शांब्र ए प्रेत. शांब्र म्हणजे खोली, प्रेत म्हणजे तयार, आणि सा म्हणजे तिची. इंग्रजीतला हिज आणि हरचा फरक माझ्या हाडात मुरलेला. तिची खोली तयार आहे, म्हणजे मुलगी आहे.

मी यांना हाक मारली. हे मूळचे भोकरकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

"काय वाचून राहिलीस एवढं?" म्हणत हे आले. माझ्यावर विश्वास नाही म्हणून यांनी ती ओळ फोनलाच मोठ्यानं वाचायला लावली. शेवटचा शब्द कानावर पडला तसा यांचा चेहरा उतरला. त्याचा अर्थ तयार असा होतो, हे मला दोनदा सांगावं लागलं. मग यांनी भाषांतर काढलं.

"फोन तर हिज म्हणतोय. त्याची खोली."

"फोनला काय कळतंय," मी म्हणाले.

आपल्याकडे पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे विचारणंसुद्धा गुन्हा आहे, आणि तो असायलाच पाहिजे, हे मी वर्गात मुलींना सांगत आलेय. तिकडे विचारलं तर सांगतात, आणि आपण तर विचारलंही नाही, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला नातच हवी होती. नांदेडला नणंदेला फोन केला. संध्याकाळपर्यंत भोकरलाही कळलं. दुसऱ्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारातून मी झालरीचे दोन फ्रॉक आणले.

रविवारी ते मुलीला दाखवले. ती हसायला लागली.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या सासूबाईंनी. सा लिहिलंय ना."

"अगं, सा खोलीसाठी आहे. शांब्र स्त्रीलिंगी, म्हणून सा. मुलगा असला तरी सा शांब्रच. पलंग पुल्लिंगी, तर मुलीचा असला तरी सों ली. खोली कुणाची, हे त्या शब्दाला ठाऊकच नसतं. आणि आम्ही डॉक्टरांना विचारलेलंच नाही."

कॉल संपल्यावर मी वही घेऊन बसले. इंग्रजी फक्त मालकाकडे बघतं: हिज रूम, हर रूम. खोलीला तिथं लिंगच नाही. फ्रेंच फक्त वस्तूकडे बघतं. आणि आपली मराठी दोन्हीकडे: त्याचा, त्याची, तिचा, तिची. सुरुवातीला माणूस, शेवटी वस्तू. जन्मभर बोलत आले, पण हे कधी दिसलं नव्हतं.

सोमवारी नववीच्या वह्या तपासायला घेतल्या. एका मुलीनं इंग्रजीत लिहिलं होतं, माझी आई आणि तिचा भाऊ माहूरला गेले. हरच्या जागी हिज. असल्या चुकीवर अठ्ठावीस वर्षं मी लाल रेघ मारली होती, पन्नास वेळा लिहून आणा म्हटलं होतं. त्या दिवशी तिला जवळ बोलावलं.

"हिज का लिहिलंस?"

ती घाबरली. "मॅडम, भाऊ बाप्या माणूस हाय ना, म्हणून."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. "फक्त इंग्रजीत नाही. फ्रेंच असतं तर चाललं असतं."

फळ्यावर मी 'तिचा' लिहिलं आणि मधे उभी रेघ मारली. 'ति' म्हणजे आई, 'चा' म्हणजे भाऊ. इंग्रजीला फक्त पहिला तुकडा लागतो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "एवढंच होय?" पुढच्या चाचणीत ही चूक अगदी थोड्यांनी केली. आधीच्या वर्षांतली मुलं आठवली की मात्र अजून वाईट वाटतं.

नणंदेला फोन करून चूक कबूल केली. ती म्हणाली, "हाव, होतंय असं. फ्रॉक ठेव, कुणाला तरी होतीलच." विहीणबाईंनाही मी सगळं लिहिलं. माझं पहिलं लांब पत्र, तासभर लागला. त्यांनी उलट विचारलं, मग तुमच्याकडे बाळाला काय म्हणतात? मी लिहिलं, ते बाळ. मुलगा की मुलगी हे त्या शब्दाला कळायची गरज नसते. फ्रेंचमध्ये अशी तिसरी सोय नाही, बाळ पुल्लिंगीच. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी मुलीच्या मागे लागून मराठी शिकायला घेतलं.

अडीच महिन्यांनी नातू झाला. माझ्या मनात नात होती हे मी लपवत नाही, पण दवाखान्यातून फोनवर त्याचा पहिला आवाज ऐकला आणि ते विसरूनच गेले. आठवड्यानं विहीणबाईंचा फोन आला. मधे मुलगी नव्हती, जावई नव्हता, आम्ही दोघीच. त्यांनी बाळ कॅमेऱ्यासमोर धरलं आणि सावकाश म्हणाल्या, "माझी बाळ."

"माझं," मी म्हणाले.

"माझं," त्या म्हणाल्या. मग मी फ्रेंचमध्ये त्याच्या नाकाचं कौतुक केलं, तर माझी चूक त्यांनी सुधारली. असं करत करत आम्ही पाऊण तास बोललो.