न धुतलेली रेती

भाऊ आधी करंगळी माशांच्या काचेच्या पेटीतल्या पाण्यात बुडवत, मग जिभेला लावत आणि डोळे मिटून घेत. दारात कोण आलं, कोण गेलं, याचं त्यांना भान नसे. थोड्या वेळानं म्हणत, "पानी बोलस, गुरुजी. आयकनं पडस."

आता तुम्हीच सांगा, ज्या पाण्यात वीस मासे आपले सगळे विधी उरकतात, त्याची चव घेणाऱ्या माणसाच्या घरी चहा कसा प्यायचा? पहिल्या दिवशी मी चहा नको म्हणालो. मला आम्लपित्त असल्याचं खोटंही सांगितलं.

तापीकाठच्या कापडगिरण्यांच्या शहरात, गोडादऱ्यात, आमची भिंतीला भिंत होती. मी मराठी शाळेत शिक्षक, ते अमळनेरकडचे, डाइंग मिलमध्ये रंगाच्या मशीनवर. संध्याकाळी घरी येत ते कोपरापर्यंत कधी निळे, तर कधी राणी रंगाचे. पेटीला हात लावण्याआधी लिंबाच्या फोडीनं हात घासत. साबणाला सक्त मनाई, कारण साबणाचा अंश गेला तरी मासे मरतात. "दिवसभर मी पानी बिघाडस," ते म्हणत, "घर ईसन एक पेटी सुधारस."

पेटी तीन फुटी होती. तळाला तापीची जाडी रेती, तिच्यात रोवलेलं लांब पात्यांचं पाणगवत, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा काळा स्पंज. गप्पी होते, मोली होत्या आणि एक चपटी, भारदस्त एंजल होती. तिला ते काकू म्हणत. मी जवळ गेलो की काकू पाठ फिरवीत. भाऊंच्या घरी वहिनींची तक्रार वेगळीच होती. "मना हातनी भाजी चाखतस नई, आनि मासासनं पानी चाखतस!"

मग प्लेगचे दिवस आले. गल्लीच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या, बसस्टँडवर पाय ठेवायला जागा उरली नाही. वहिनी मुलांना घेऊन गावी गेल्या. भाऊ मात्र हलेनात. "मासासनं पानी कोन बदली?" एवढंच विचारत. शेवटी गावाहून आईचा निरोप आला, की तू येईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. तेव्हा कुठे निघाले. आम्हा शिक्षकांना घरोघरच्या पाहणीची ड्यूटी लागली होती, म्हणून मी शहरातच होतो. किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "चिमूटभर दाना. पानी कमी व्हयनं तर बादलीमधलं शिळं टाकानं. नळनं ताजं नको. बाकी काही करानं नई." माझा हात ते सोडत नव्हते. एवढा दांडगा माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं होतं.

बाकी काही करायचं नाही, हे शिक्षकाला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. दिवसभर मी घराघरांत शिरून स्वच्छतेवर भाषणं ठोकत होतो. खिशात पत्रकं, पिशवीत ब्लीचिंग पावडर. चौथ्या दिवशी दुपारी भाऊंकडे दाणे टाकायला गेलो आणि पेटीकडे प्रथमच तपासनिसाच्या नजरेनं पाहिलं. काचेवर हिरवं शेवाळ, रेतीत काळा गाळ, स्पंज तर गटारातून काढल्यासारखा. शहर धुऊन निघतंय आणि माझ्या ताब्यातल्या पेटीत ही घाण! मला शरम वाटली.

मी बाह्या सरसावल्या. मासे पातेल्यात काढले. पेटीतलं पाणी उपसून मोरीत ओतलं; शेवटच्या दोन बादल्यांत थोडी रेतीही आली. बाकी रेती तांदळासारखी सात पाण्यांनी धुतली. स्पंज नळाखाली पिळून पिळून पिवळा केला, गवताचं एकेक पातं पुसलं. मग पेटी नळाच्या पाण्यानं भरली. त्या दिवसांत नळाला औषधाचा उग्र वास यायचा. मी म्हटलं, छान, जंतूही मरतील. पेटी अशी लखलखली, की तिच्यात माझाच प्रसन्न चेहरा दिसला.

मासे सोडले आणि पाचच मिनिटांत सगळे वर येऊन तोंडं उघडू लागले. काकू आडव्या झाल्या. भाऊ आईसाठी हे सगळं माझ्या भरवशावर टाकून गेले होते. शेजारीपाजारी कुणी नाही, दुकानं बंद. ओट्यावर ते उपसलेलं घाणेरडं पाणी ओतायचं राहिलं होतं, तेवढं दिसलं. दुसरं काहीच सुचेना, म्हणून जाळीनं मासे उचलून त्यात टाकले. मग बादलीशेजारी बसून राहिलो. त्या माणसाला काय तोंड दाखवू, एवढाच विचार होता. वीस माशांपैकी सात गप्पी वाचले. संध्याकाळी काकूही सरळ झाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. एवढा आनंद मला दहावीच्या निकालानंही झाला नव्हता.

भाऊ परतले तेव्हा मासे बादलीतच होते आणि मी दारात गुन्हेगारासारखा उभा. त्यांनी लखलखीत पेटीत करंगळी बुडवली, चाखली, डोळे मिटले. ते लवकर उघडेनात.

"आख्खं धोई टाकं, नई?"

मी मान हलवली.

"गलती मनी शे, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "तुमले मी मासा दखाडात, पानी जित्तं ठेवनारा गाळ दखाडा नई."

मग बादलीच्या तळाशी राहिलेली काळी रेती त्यांनी मुठीत घेतली आणि पेटीत अलगद पसरली. "दहीले इरजन लागस ना, तसं." महिन्याभरात काच पुन्हा हिरवट झाली. मीही एक छोटी पेटी आणली होती, तिच्यासाठी त्यातलीच मूठभर रेती त्यांनी मला फडक्यात बांधून दिली. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा चहा प्यायलो.

पुढे मिलबरोबर ते कडोदऱ्याला गेले. चारेक वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा दिवसकार्य होऊन महिना लोटला होता. सुतकाचं घर धुऊन काढलं होतं आणि त्यात पेटीही धुतली-पुसली गेली होती; आता ती रिकामी, उपडी ठेवली होती. मला तिच्याकडे बघवेना. वहिनी म्हणाल्या, धुतल्यावर नवे मासे आणून पाहिले, पण दोन दिवसही जगत नाहीत.

शेजाऱ्याकडून आणलेलं विरजण कधीतरी परत करायचं असतं. पुढच्या रविवारी माझ्या पेटीतली मूठभर रेती ओल्या फडक्यात बांधून मी कडोदऱ्याला गेलो. वहिनींनी पुरचुंडी हातात घेतली, उलगडली, वास घेतला.

"धोयेल नई ना, गुरुजी?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "एकदाही नाही."