'वीजनगरी' छापताना

एका पुस्तकाला चार वर्षं लागली की किस्से आपोआप साठतात. कुणी "कुठवर आलं?" विचारलं की विषय बदलायला आम्ही एखादा किस्सा सांगायचो!

आम्ही तिघं. गणिताची मास्तरकी सोडलेला गडहिंग्लजचा बसवराज, इचलकरंजीची चित्रकार तबस्सुम आणि वर्तमानपत्रातली नोकरी सोडलेली मी, वैशाली. 'वीजनगरी' हा खेळ पुस्तकरूपात काढायचा होता. पुढच्या काळातलं शहर, तारांत राहणारी भुतं, मंत्र टाकणारे हॅकर. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकेक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि बोलत बोलत गोष्ट पुढं न्यायची. मराठीत हे कोण घेणार, या विचारानं मला एका जागी बसवत नसे.

*

मंगळवार पेठेतल्या प्रेसचे मालक, दादा, यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्यात हीरो कोण?"

"हीरो वाचणाराच असतो, दादा," मी म्हटलं.

"मग ऱ्हातोय कुठं त्यो? प्रूफ दाखवाय पायजे की त्याला!"

*

पहिली आवृत्ती छापून आली. मी उघडली, तर सगळीकडं 'हॅकर'चं 'हॉकर' झालेलं!

दादा खुशीत होते. "स्पेलिंग चुकलंतं तुमचं. एका बटनात समदं दुरुस्त केलं बघा!"

महिन्याभरात सांगलीहून एका ग्रुपचं पत्र आलं : "आमच्या हॉकरनं यंत्रमानवाला केळी विकून गेट उघडून घेतलं. हे पात्र फार आवडलं."

*

छपाईच्या आधी तबस्सुमनं भुतानं झपाटलेला यंत्रमाग काढला होता. बारा चित्रं, सगळी झकास. तिचे अब्बा आयुष्यभर मागावर काम केलेले. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"धोटा कुठं हाय गं?"

"अब्बा, भुताचा माग आहे तो."

"भुताचा असूंदे की! धोट्याबगार आडवा धागा कोण टाकणार? भूत?"

तिनं बाराच्या बारा चित्रं नव्यानं काढली. पुस्तक आणखी तीन महिने लांबलं!

*

एका पुस्तक प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं. मी उगाच पुस्तकं इकडची तिकडं मांडत होते. शेवटी एक पावणं थांबले.

"बॅटरी कुठं घालायची ह्यात?"

"बॅटरी नाही लागत. बोलून खेळायचं."

"बोलाय पुस्तक लागतंय व्हय?" म्हणाले आणि गेले.

*

दुसरी आवृत्ती काढायची की सगळं बंद करायचं, यावर आम्ही भांडत होतो. बसवराजला पुण्याच्या एका क्लासमधून नोकरीचं बोलावणं होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"सर, गडहिंग्लजजवळनं बोलतोय. आम्ही चौघं वर्षभर तुमचा खेळ खेळतोय. आमचा मल्लू गेल्या महिन्यात ॲक्सिडेंटमधी गेला. त्याच्या पात्राचं काय करायचं?"

एकेका नियमासाठी माझ्याशी तासन्‌तास भांडणारा बसवराज पुस्तकाची पानं चाळायला लागला. मग एका बाईंचा आवाज आला.

"मी मल्लूची अव्वा. ही पोरं म्हणत्यात, माझा मल्लू पुलावर हुबा हाय. फुडं लई अंधार हाय म्हणं. त्यानं जायाचं का नगं?"

"अव्वा," बसवराज म्हणाला, "तुम्ही आई. तुम्हीच सांगा."

"जाऊंदे. पण जेवला का, ते इचारा की आदी."

बसवराजनं फोनवर हात ठेवला. मला म्हणाला, "वैशाली, आपल्या खेळात जेवण कुठल्या पानावर हाय गं?"

कुठल्याच पानावर नव्हतं. त्यानं कोरा कागद पुढं ओढला.