कप्तानबाईंची होडी रुतली तेव्हा

तिला नावानं हाक मारणारं आता त्या किनाऱ्यावर कुणी उरलं नव्हतं. नवरा "अगं" म्हणायचा, सून "आई" म्हणायची आणि बाकी सगळा गाव कप्तानबाई म्हणायचा. होडी मूळची तिच्या वडिलांची. वडील थकले तेव्हा भावानं नाक मुरडलं आणि शहराचा रस्ता धरला. हिनं बाह्या सरसावल्या, इंजिनाची दोरी ओढली आणि उतारू घ्यायला धक्क्यावर जाऊन उभी राहिली. "बाईच्या होडीत कोण बसणार?" म्हणणारेच सगळ्यात आधी येऊन बसले, कारण दुसरी होडीच नव्हती.

लग्न तिनं एका शिंप्याशी केलं. बिचाऱ्याला पाणी बाधायचं. होडीत पाय ठेवला की त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. लोक थट्टा करायचे, तेव्हा ती म्हणायची, "जमीन त्यांनी सांभाळायची, पाणी मी. वाटणी झालीय आमची."

त्या किनाऱ्यावर मिशनऱ्यांनी बांधलेली जुनी चॅपलं होती. परदेशातले ते पाद्री शिडाच्या जहाजातून आले, तेव्हा तिथं रस्त्याचा पत्ताच नव्हता. जिथं होडी लागली तिथं उतरले आणि जिथं उतरले तिथं चॅपल बांधलं. त्यामुळे प्रत्येक चॅपलचं दार पाण्याकडे. पुढे रस्ता झाला, पूल झाला, फादर जीपनं येऊ लागले आणि चॅपलांमध्ये मागच्या बाजूनं शिरू लागले. फक्त पाण्यापलीकडच्या वाळूच्या पट्टीवरचं चॅपल तेवढं जीपच्या हाती लागलं नाही, तिथं होडीशिवाय जाताच येत नसे. तिथं बोटांवर मोजण्याइतकी घरं, त्यातली बरीचशी म्हाताऱ्यांची. कप्तानबाईंच्या आईचं माहेर तिथलंच. आईचा बाप्तिस्मा त्याच चॅपलमध्ये झाला होता, लग्नही तिथंच.

नवे फादर आले ते वयानं तरुण, कामाला चोख आणि कायम घाईत. माणूस वाईट नव्हता. एकाच माणसानं इतक्या ठिकाणी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करायची तर दिवस पुरत नव्हता. त्यात पट्टीवरच्या चॅपलच्या भिंतीला तडा गेलेला. त्यांनी ठरवून टाकलं : ते चॅपल बंद करायचं, आतली मरियामातेची लाकडी मूर्ती मोठ्या चर्चमध्ये आणायची आणि लोकांनी तिथंच यायचं.

त्यासाठी होडी ठरवायला ते कप्तानबाईंच्या घरी आले. शिंपी मशीनवर होता. फादरांना बघून त्यानं पायडल थांबवलं.

"मूर्ती आणायची आहे," फादर म्हणाले.

"पट्टीवरच्या लोकांना विचारलंत?" कप्तानबाईंनी विचारलं.

"त्यांना सांगणार आहे मी."

"सांगणं वेगळं आणि विचारणं वेगळं, फादर. पण होडी हवी तर मिळेल, माझा धंदाच आहे तो. फक्त तुम्ही स्वतः यायचं. तुमच्या माघारी मी मूर्ती उचलून आणणार नाही. चोरी केल्यासारखं वाटेल."

फादर जरा घुटमळले. पाण्याचं त्यांनाही वावडं होतं. "येतो," ते म्हणाले.

ते गेल्यावर शिंप्यानं डोक्याला हात लावला. "अगं, फादरांशी असं बोलतात का?"

"मग कसं बोलतात? उठून उभी राहिले, पाणी दिलं, आवाजही चढवला नाही. अजून काय हवं?"

ठरल्या दिवशी सकाळी दोघं निघाले. फादर दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरून बसलेले. वारा नव्हता, पाणी सपाट, ओहोटी लागलेली. घाई केली तर मूर्ती घेऊन पाणी उतरायच्या आत परत फिरता येईल, असा कप्तानबाईंचा अंदाज होता. पण वाटेत तोंडाला तोंड लागलं.

"भिंत पडली आणि कुणी दगावलं, तर जबाबदार कोण?" फादर म्हणाले.

"भिंत बांधता येते. म्हाताऱ्या माणसांना दर रविवारी मोठ्या चर्चला आणणार कोण? तुमची जीप पोहते का?"

"तुम्ही आहात ना."

"आणि जी अंथरुणावरून उठत नाहीत ती?"

फादर काहीतरी म्हणाले, ती त्यावर काहीतरी म्हणाली. सुकाणू हातात होतं, पण नजर फादरांवर. पट्टीच्या अलीकडे वाळूचा ढीग सरकून आत आला होता. एरवी तिनं तो पाण्याच्या रंगावरून लांबूनच ओळखला असता. आज होडीच्या बुडाखाली खरखर झाली, एक गचका बसला आणि इंजिन बंद पडलं.

तिनं वल्हं रोवून जोर लावला. मग गुडघाभर पाण्यात उतरून खांदा लावला. होडी ढिम्म हलेना. पाणी तर डोळ्यांदेखत मागे चाललेलं.

"आता?" फादरांनी विचारलं.

"आता भरती येईपर्यंत इथंच," ती म्हणाली. कान लाल झाले होते तिचे. होडी हातात घेतल्यापासून तिनं ती कधी रुतवली नव्हती.

फादरांनी बूट हातात घेतले, पँट दुमडली आणि ओल्या वाळूतून तिच्या मागोमाग चालू लागले. चॅपलच्या उंबऱ्यावर चावीवाली आजी बसलेली होती. चॅपलची झाडलोट, दिवाबत्ती, किल्ली सगळं तिच्याकडे. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"मूर्ती न्यायला आलात ना? न्या की," आजी म्हणाली. "फक्त मला ओलांडून जावं लागेल. आणि मी काही उठत नाही."

फादरांनी हातातले बूट खाली ठेवले. मग काय मनात आलं कोण जाणे, ते तिच्याशेजारी उंबऱ्यावरच टेकले. "मलाही कुठं जायचं नाही, आजी. आमची होडी अडकलीय."

"मग रिकामे बसून काय करणार? मिस्सा करा," आजी म्हणाली. "पाऊस संपल्यापासून झालेली नाही."

"मी काहीच सामान आणलं नाही."

"आम्ही ठेवलंय."

आणि खरंच होतं. वेदीवरचा कपडा धुऊन इस्त्री केलेला, पेला घासून लख्ख, मेणबत्त्या कागदात गुंडाळलेल्या. तडा गेलेल्या भिंतीपासून बाकं ओढून दुसऱ्या बाजूला केलेली. घंटा वाजली तशी घराघरांतून माणसं आली. एकाला तर खुर्चीसकट उचलून आणलं. कप्तानबाई शेवटच्या बाकावर बसली होती. सगळे गात होते आणि ही आपली मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होती. मग समोर बाप्तिस्म्याचं दगडी पात्र दिसलं, आई आठवली, आणि तिनं सूर धरला. आवाज मोठा होता तिचा. पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागे वळून पाहिलं.

मिस्सेनंतर फादर घरोघर गेले. अंथरुणाला खिळलेल्या बाईपाशी बराच वेळ बसले. कुणीतरी त्यांना जेवायला वाढलं. दुपार कलली, पाणी चढलं, होडी आपोआप हलू लागली.

निघताना आजीनं विचारलं, "मग मूर्तीचं काय?"

"राहू दे तिला इथंच," फादर म्हणाले. "पण आजी, भिंत नीट होईपर्यंत आत कुणी बसायचं नाही. मी महिन्यातून एकदा येईन. तोवर मिस्सा बाहेर, उघड्यावर."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर एकच चर्चा. मासेवालीनं कप्तानबाईंच्या पाठीत धपाटा घातला. "काय डोकं चालवलंस गं! फादरांना बरोबर कोंडीत पकडलंस!"

"मुद्दाम नाही केलं. चुकले मी."

"हो, हो, चुकलीस," म्हणत मासेवालीनं डोळा मारला. चहावाला तसाच हसला, पोस्टमनही. जितकं खरं सांगावं तितकी ती आणखी बेरकी ठरत होती.

घरी येऊन तिनं भांडी आपटली. शिंपी म्हणाला, "अगं, लोक कौतुक करतायत तर घे ना पदरात."

"भल्या माणसाला फसवलं म्हणून कौतुक? ते नको मला. होडी चालवते मी, डाव नाही टाकत. चुकले तर चुकले. उद्या पुन्हा नीट चालवीन."

आणि ती तडक फादरांकडे गेली. "लोक बोलतायत ते खोटं आहे. मी तुम्हाला अडकवलं नाही. बोलण्याच्या नादात लक्ष उडालं माझं."

फादर हसायलाच लागले. "मला माहीत आहे. होडी रुतली तेव्हा तुमचा चेहरा बघितला होता मी. तसा चेहरा मुद्दाम करता येत नाही, कप्तानबाई."

तिलाही हसू फुटलं. मग तिथंच उभ्या उभ्या दोघांनी भिंतीचं ठरवलं. मोठ्या चर्चनं चुना आणि दगड द्यायचे, ते तिनं होडीतून पोचवायचे, गवंडी पट्टीवरच्यांनी आपल्या घरी ठेवून घ्यायचा. गवंडी खादाड निघाला, पण काम पक्कं केलं त्यानं. सुनेनंही त्या दिवसांत सुकाणू हातात घेतलं, कारण खेपा वाढल्या होत्या. तिचा हात सासूपेक्षा हलका आहे, असं कप्तानबाई सगळ्यांना सांगत सुटली. सुनेला सोडून.

भिंत उभी राहिल्यावर आतल्या पहिल्या मिस्सेला अलीकडच्या काठावरूनही माणसं आली. शिंपी आला, वाटेत दोनदा ओकला, तरी आला. चॅपल इतकं भरलं की उशिरा आलेले दाराबाहेर वाळूत उभे राहिले. चावीवाली आजी सगळ्यांना पुढं सरका, पुढं सरका म्हणून दरडावत होती.

शेवटचं गीत चालू असतानाच कप्तानबाई उठली. पाणी उतरायला लागलं होतं आणि एवढी माणसं घरी पोचवायची होती.