फायलीला लावलेली कॅसेट

गोवा घटक राज्य झालं तेव्हापासून इथे जाहीर झालेली लघुपटाची एकही स्पर्धा आमच्या घरमालकांनी हरल्याशिवाय सोडली नाही. अपवाद फक्त एका वर्षाचा, आणि त्याला कारण मी.

कारापूरला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. बाबा सावंतवाडीकडून खाणीवर आलेले, खनिजाचा ट्रक चालवायचे. मालक शाळेत चित्रकला शिकवत, पण ती पोटापुरती. मेहुण्याने आखातातून खांद्यावर घ्यायचा अवजड व्हिडिओ कॅमेरा आणला आणि मालकांच्या डोक्यात बक्षिसाने जे घर केलं ते कायमचं. पाण्यावरच्या लघुपटासाठी त्यांनी आपल्या बायकोला, आमच्या काकींना, भरली कळशी घेऊन विहिरीवरून अकरा वेळा चालत आणलं. बाराव्या वेळी काकींनी कळशी कॅमेऱ्यासमोर दाणकन ठेवली. "बक्षीस मेळ्ळें जाल्यार तें म्हजें. तुमी फकत उबे आशिल्ले." काजूच्या भट्टीवरच्या लघुपटाला 'उत्तरार्धात कॅमेरा हलतो' असा शेरा मिळाला. हलणारच! पूर्वार्धभर भट्टीवाले आग्रह करकरून ताजं उर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, पाजत होते. नकाराच्या पत्राखाली 'पुढील वर्षासाठी शुभेच्छा' असं छापलेलं असायचं. मालक ते पत्र खिशात घालून गावभर सांगत, की आपल्याला पुढच्या वर्षी बोलावलंय. परीक्षकांचा मुख्य आक्षेप मात्र दरवर्षी एकच: चित्राच्या कोपऱ्यात तारीख दिसते, ती काढा. मालक काढत नसत. "तारीख ना जाल्यार तो दीस खंयचो, कोण सांगतलो?" असं ते परीक्षकांऐवजी आम्हालाच विचारत.

बारावीला मला चांगले गुण पडले. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "स्कॉलरशिप गावली तर शिक, नाय तर गावाक जावया." शिष्यवृत्तीसाठी पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला लागायचा, आणि तिथेच घोडं अडलं. शाळेचा कागद पहिलीपासूनचा, म्हणजे बाराच वर्षांचा. रेशनकार्ड आणि मतदारयादीतलं नाव बाबांनी भावकीच्या धास्तीने गावीच ठेवलेलं. मालक तातडीने मामलेदार कचेरीत साक्षीला गेले. हेडक्लार्क हसला, कारण मालकांनी ज्याच्यासाठी साक्ष दिली नाही असा अर्जदार तालुक्यात उरला नव्हता. "तुमची साक्ष नाका मास्तर, पुरावो हाडा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मालक रिक्षात आपला टीव्ही, व्हीसीआर आणि मला घालून कचेरीत हजर. मी लाजेने अर्धी झाले. त्यांनी घटक राज्य झालं त्या दिवशीच्या मिरवणुकीची कॅसेट लावली. भाषण करणारे पुढारी क्षणात संपले, कारण मालकांचा जीव गर्दीतल्या चेहऱ्यांत. मग बाबा दिसले आणि त्यांच्या खांद्यावर मी, तीन वर्षांची, फुग्यासाठी भोकाड पसरलेली. कोपऱ्यात पंधरा वर्षांपूर्वीची तारीख ठळक होती. हेडक्लार्क 'हे तेच कशावरून' असं म्हणायला गेला आणि मध्येच पडद्याकडे सरकला. बाबांच्या शेजारी, डोक्यावर भरघोस केसांसकट, तो स्वतःच उभा होता! त्याने ते दृश्य पाच वेळा मागे नेऊन पाहिलं. तोवर सगळी कचेरी टीव्हीभोवती जमली होती.

"पुरावो जालो," तो शेवटी म्हणाला. "पूण मूळ कॅसेट फायलीक लागतली. आयजूच. अर्जाची मुदत सोंपता."

मिरवणुकीतल्या त्या चेहऱ्यांना मालकांनी पुढे दरवर्षी शोधून काढून पुन्हा टिपलं होतं. माणसं वाढत, वाकत, सुटत जाताना त्या एकाच कॅसेटवर दिसायची. त्यांनी केलेलं सगळ्यात सुंदर काम ते. दुसरी प्रत नव्हती, आणि ती यंदा जिथे पाठवायची होती त्या स्पर्धेची मुदत दोन दिवसांवर आली होती. "काका, नको. मी पुढच्या वर्षी अर्ज करीन," मी म्हटलं.

"बक्षीस म्हाका फाल्यां मेळत. तुजें कॉलेज आयज सुरू जाता," असं म्हणून त्यांनी कॅसेट काढून फायलीवर ठेवली.

मी शिकले, पेडण्याला शिक्षिका झाले. सुट्टीत घरी आले की म्हणायची, काका, आता अर्ज करून कॅसेट परत मागू या. पण त्या बाबतीत मालक कधी बधले नाहीत. "पुरावो काडलो आनी उपरांत कोणें तुजो दाखलो तपासलो जाल्यार? आसूं दी थंयच." पुढे त्यांनी आणखी लघुपट काढले आणि ते रीतसर हरले. त्यांतला एकही त्या कॅसेटच्या जवळपास जात नव्हता, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मालक गेल्यावर मी अर्ज केला. फाईल जुन्या दप्तरात असेल, शोधतो, असं उत्तर आलं. तेव्हापासून दर महिन्याला रजा टाकून मी कचेरीत जाते. नव्या कारकुनाने व्हिडिओ कॅसेट कधी पाहिलेली नाही. मी हातांनी आकार करून दाखवते. परवा तो कंटाळून म्हणाला, "मॅडम, इतलें कितें आसा तातूंत?"

मला मालकांची फार आठवण आली.

"आमच्या घरमालकांचा लघुपट आहे," मी म्हटलं. "स्पर्धेला पाठवायचाय."